कार्पोरेटरचं बलुतं

दिगंबरराव दुसऱ्याच्या पिठात हात घालायचे. माझ्याच गिरणीत, माझ्या डोळ्यांदेखत. कुणाचं दळण झालं, डबा भरला, झाकण लावायचं तेवढं राहिलं की हे स्टुलावरून उठायचे, बाही वर सारायचे, एक मूठ पीठ काढायचे आणि खांबाजवळच्या आपल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. विचारणं वगैरे नाही. नवीन गिऱ्हाईक असलं तर ते आधी त्यांच्याकडे बघायचं, मग माझ्याकडे. मी गिरणीच्या आवाजात ओरडून सांगायचो, "कार्पोरेटरचं आहे ते. जाऊ द्या."

त्यानं माणूस जास्तच दचकायचा. कार्पोरेटर आता पीठसुद्धा सोडत नाही, असं त्याला वाटायचं.

खरं म्हणजे तो कार्पोरेटरचा पगार होता. सरकार देतं त्यात त्याचं भागत नाही, म्हणून तो खातो. आपण त्याचं भागवू, मग तो खाणार नाही, असं दिगंबररावांचं म्हणणं. त्यांचं मूळ घर उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. सुतार, न्हावी, कुंभार यांना सुगीला धान्याचं बलुतं घालायचं आणि मग वर्षभर हक्कानं काम घ्यायचं, हे त्यांनी लहानपणी बघितलेलं. तेच त्यांनी उचललं आणि आमच्या गौलीगुड्याच्या वार्डाला लावलं.

"बलुतं घेऊन सुतारानं मोडका नांगर दिला, असं कधी ऐकलंय का तुम्ही, माणिकराव?"

"सुताराला इलेक्शन लढवावं लागत नव्हतं," मी म्हणायचो.

"ते सोडा. पोटावर या."

हे त्यांचं ठरलेलं. मुद्द्यावर या असं दुसरी माणसं म्हणतात, हे पोटावर या म्हणायचे. देशाचं बोला, देवाचं बोला, गुडघेदुखीचं बोला, शेवटी पोटावर यायचं. गल्लीतली मुसलमान घरं त्यांना तनखावाले चाचा म्हणायची, तेलुगू पोरं जीतम तातय्या. दोन्हीचा अर्थ एकच, पगारवाला म्हातारा. त्यांना दोन्ही नावं आवडायची.

डब्यात काय नव्हतं? शेजारच्या रज़िया बीचे गहू, माझ्या घरची ज्वारी, कोमट्याच्या दुकानातलं बेसन, तेलुगू घरांतली तांदळाची पिठी, कुणाची तरी नाचणी. सगळं एकावर एक. असल्या पिठाची भाकरी थापत नाही, पोळी लाटत नाही, धिरडंसुद्धा तव्याला धरून बसतं. मी एकदा सांगितलं, "हा पगार खाऊन तो सुधारणार नाही, आजारी पडेल."

"आजारी पडला तर दवाखान्यात तरी जाईल. सरकारी दवाखाना बघेल," ते म्हणाले.

दिगंबरराव आयुष्यभर वाढपी होते. आमदारांच्या क्वार्टरातल्या कँटीनमध्ये. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, हातात डाळीची बादली. राज्य चालवणारी माणसं त्यांनी मान खाली घालून जेवताना बघितली होती, आणि तशीच ती त्यांच्या डोक्यात राहिली. कुणी पेपरातला फोटो दाखवला की हे म्हणायचे, "हा? हा ताकाला दोनदा मीठ लावायचा." राजकारणाची त्यांची सगळी माहिती ही अशी.

एका आमदाराची गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा सांगायचे. नवीन निवडून आलेला, लांबच्या तालुक्यातला, बसनं यायचा. त्याच्याबरोबर गावची दोन-तीन माणसं असायची, कुणाची जमीन अडकलेली, कुणाचा पोरगा अडकलेला. तो एकच ताट मागवायचा, माणसांपुढं सरकवायचा आणि स्वतः म्हणायचा, मी खाऊन आलो. दिगंबररावांनी त्याचा चेहरा वाचला. त्यांनी न विचारता त्याच्यापुढं भात ठेवला, वर डाळ घातली. आमदार खाली बघून जेवला. असं वर्षभर चाललं. दुसऱ्या वर्षी तो कुणाच्या तरी गाडीतून यायला लागला. तिसऱ्या वर्षी त्याचं जेवण मोठ्या हॉटेलातून खोलीवर जायला लागलं. चौथ्या वर्षी त्यानं दिगंबररावांना ओळखलं नाही.

"मी एकटा किती वाढणार?" हे तिथं थांबून म्हणायचे. "सगळ्यांनी मिळून त्याचं ताट भरलं असतं तर तो त्या गाडीत बसला नसता."

"आता तर पगार वाढलेत त्यांचे. भत्ता आहे, गाडी आहे. तरी खातात."

"सवय पडली हो. एक पिढी जाऊ द्या."

"त्याच्या आधी आपण जाऊ."

"जाऊ," असं म्हणून ते उठायचे आणि कुणाच्या तरी डब्यात हात घालायचे.

माझं म्हणणं वेगळं होतं, अजूनही आहे. ज्याला खायचं तो भरल्या पोटानंही खातो. ज्याला नाही खायचं तो उपाशी राहतो पण खात नाही. माणूस मुळात कसा आहे त्यावर आहे सगळं. मी शाळा फार केली नाही, पण गिरणीत बसून माणसं कळतात. वजनात पीठ कमी आलं म्हणून भांडायला येतात ते नेहमी बंगलेवालेच असतात. हे मी दिगंबररावांना किती वेळा ऐकवलं. ते म्हणायचे, "तुम्ही माणसावर जाताय. पोटावर या." दोघंही हट्टी. वाद कधी संपला नाही, आणि मी वाद अर्धा सोडणारा माणूस नाही.

हे बलुत्याचं खूळ त्यांच्या डोक्यात आलं ते एका फरशीमुळं.

आमच्या गल्लीतून नाली जाते, वर शहाबादी फरश्या टाकलेल्या. दिगंबररावांचं घर नालीच्या त्या बाजूला, माझी गिरणी ह्या बाजूला. गाळ काढायला माणसं आली, फरश्या उचलल्या, परत ठेवताना नेमकी त्यांच्या दारासमोरची एक गायब झाली. राहिलं भोक. खाली काळं पाणी. तरणी माणसं उडी मारून जायची. गाड्या वळसा घालायच्या. अनसूयाबाईंना मात्र दोन्ही जमत नव्हतं.

अनसूयावहिनी म्हणजे दिगंबररावांची बायको. काचबिंदूनं डोळे जवळजवळ गेलेले, बोटं सांधेदुखीनं वाकडी. ती बाई रोज सकाळी माझ्या गिरणीत यायची आणि नुकत्या दळलेल्या पिठात दोन्ही हात खुपसून बसायची. गिरणीतून पीठ गरम पडतं. त्या उबेनं तिची बोटं सुटायची. मग ती तिथंच बसून कुणाची मिरची निवडून दे, कुणाच्या पोराचं बटण लावून दे, असं करायची. तिला दिवसभरात बोलायला मिळायचं ते तेवढंच. मुलगी नल्लकुंट्याला, संसारात अडकलेली.

फरशी गेल्यापासून वहिनीचं येणं बंद झालं. दारात उभी राहून विचारायची, "भावजी, आज काय दळताय?"

"ज्वारी."

"वास येतोय," म्हणायची, आणि आत जायची.

दिगंबररावांना ते बघवत नव्हतं. तोंडानं कधी म्हणाले नाहीत. अर्ज केला, फोन केले, वार्डाच्या ऑफिसात चकरा मारल्या. आमच्या वार्डाची कार्पोरेटरची जागा बायकांसाठी राखीव, म्हणून निवडून आली यादगिरीची बायको. खुर्चीत बसतो यादगिरी. तो चांगलं बोलतो. चहा पाजतो. फरशी देत नाही.

मग एक दिवस दिगंबरराव गिरणीत आले ते पत्र्याचा डबा घेऊनच.

पहिला पगार द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला बरोबर नेलं. यादगिरी खुर्चीत होता, भोवती माणसं. त्यानं डबा उघडून बघितला. "तातय्या, हे काय? आम्ही भात खाणारी माणसं."

"तुझं बलुतं आहे. बाईसाहेबांना बोलाव. काम त्यांचं, त्यांच्याच हातात द्यायचं."

आतून यादगिरीची बायको आली, हात पदराला पुसत. तिला काही समजलं नाही, पण म्हाताऱ्या माणसानं डबा पुढं केला म्हणून तिनं दोन्ही हातांनी घेतला. बसलेली माणसं हसली. यादगिरी हसला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. तो म्हणाला, "चाचा, बैठो. तुम्हाला सांगतो. हिला सरकारकडून जे मिळतं त्यात माझ्या पोरांचं पेट्रोल होत नाही. सकाळी दार उघडलं की लोक. कुणाची शादी, कुणाची मय्यत, कुणाची फीस. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी वोट नाही. इलेक्शनला घरटी कुकर वाटले, तुमच्याकडेपण दिला. ते कुठून आलं असेल? ज्याला कामाचा ठेका मिळतो तो गुत्तेदार देतो. मग गुत्तेदार नाली बांधतो तेव्हा मी काय बोलू?"

रस्त्यानं येताना मी म्हटलं, "ऐकलंत? तुमच्या एका मुठीनं काय व्हायचं?"

दिगंबररावांनी दुसरंच ऐकलं होतं. ते तडक घरी गेले आणि कुकरला हात घातला.

"अहो, त्यात डाळ शिजतेय," वहिनी आतून म्हणाली.

"शिजू दे. मग धुऊन ठेव."

"आणि उद्या कशात शिजवू?"

"पातेल्यात. लग्न झालं तेव्हा कुठं होता कुकर?"

"लग्न झालं तेव्हा मला दिसत होतं," वहिनी म्हणाली. पण तिनं कुकर घासून दिला.

दुसऱ्या दिवशी हातात कुकर घेऊन स्वारी यादगिरीकडे. "हे तुझं. आता आमच्या घरावर तुझं काही नाही. आता तू नुसता आमचा बलुतेदार."

"तातय्या, वापरलेला कुकर वापस?"

"शिट्टी नवी बसवलीय."

रज़िया बी माझ्याकडे दळणाला आली तेव्हा म्हणाली, "भाईसाब, चाचा पूरे हौले हो गए, एकदम पागल. मैं तो कुकर नक्को वापस करती." पण एक मूठ तिनंही दिली. सगळेच द्यायचे. मुठीनं काही जात नाही आणि म्हातारा गप्प बसतो, एवढंच त्यात होतं. गल्लीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला असं कुणी समजू नये.

महिने गेले. पहिली तारीख आली की हे डबा घेऊन जायचे, रिकामा घेऊन यायचे. रिकामा डबा बघून खूश व्हायचे. "घेतो हो तो. घेतो म्हणजे बांधला गेला."

आणि खरंच फरशी आली. शहाबादी नाही, सिमेंटची ओतलेली. यादगिरी स्वतः आला, माणसं आली, फोटो झाले, यादगिरीच्या बायकोनं नारळ फोडला. पुढं इलेक्शन होतं हे मला दिसत होतं. दिगंबररावांना फक्त बलुतं दिसत होतं. गिरणीत येऊन ते नुसते माझ्यासमोर उभे राहिले. एवढा मोठा विजय त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. मी त्या दिवशी काही उलट बोललो नाही. म्हातारपणी एखादा वाद माणसाला जिंकू द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनी निघाली. धुतलेलं लुगडं, हातात काठी. दिगंबरराव नालीवरून उडी मारूनच ह्या बाजूला आले होते, ती त्यांची सवय झाली होती. गिरणीच्या पायरीवर उभे राहून त्यांनी हात पुढं केला. वहिनी कडेला थांबली. काठीनं सिमेंट चाचपलं.

"पक्कं आहे का हो?"

"पाय टाक. पगार दिलाय त्याचा."

तिनं पाय टाकला.

फरशी मधोमध मोडली. पुढं तुकडे बघितले तेव्हा आत सळईच्या जागी बांधायची बारीक तार निघाली. नाली कमरेएवढीच खोल. पण वहिनी तिरकी पडली आणि खुब्याचं हाड गेलं. मी धावलो, दिगंबरराव आधीच त्या पाण्यात उतरले होते. तिचं डोकं त्यांनी छातीशी धरलेलं. वहिनीच्या तोंडून हाय नाही की हूय नाही. तिला माझी चाहूल लागली तेव्हा म्हणाली, "भावजी, गिरणी रिकामी फिरतेय. दगड घासतील."

सरकारी दवाखान्यात काही आठवडे काढले तिनं. मग गेली.

यादगिरी भेटायला आला. डोळ्यांत पाणी होतं, खोटं म्हणणार नाही. पाकीट आणलं होतं. बरोबरचा एक जण फोन वर धरून उभा. दिगंबररावांनी यादगिरीला चहा दिला, पाकीट परत त्याच्या खिशात घातलं. "पगार मी तुला देतो. तुझ्याकडून मी कसा घेऊ?"

सुतक संपलं. पहिली तारीख जवळ आली. दिगंबरराव गिरणीत आले, बाही वर सारली आणि रज़िया बीच्या डब्यात हात घातला. तिनं डबा त्यांच्याकडे सरकवला. मीच बोललो. गिरणी बंद करून बोललो.

"दिगंबरराव, बस झालं. अजून त्याला देता?"

"काम वाईट झालं म्हणून पगार बुडवायचा? मग तो परत खायला जाईल."

"तो थांबलाच कधी होता?"

त्यांनी मूठ डब्यात टाकली.

पहिल्या तारखेला मी मुद्दाम बरोबर गेलो. यादगिरी नव्हता, त्याची बायको होती. तिनं दिगंबररावांना बघितलं आणि तिला रडू आलं. डबा घेऊन ती जिन्याखाली गेली, आम्ही मागं. तिथं एक निळा प्लास्टिकचा ड्रम होता. तिनं झाकण काढलं.

आमचं पीठ होतं. सगळं. पहिल्या मुठीपासून. जाळी धरलेली, किडे वळवळत होते, ओलीनं खाली गोळा झालेला.

"फेंकना अच्छा नै लगा, तातय्या," ती म्हणाली. "अनाज है ना."

दिगंबररावांनी ड्रमात हात घातला, कोपरापर्यंत. पीठ वर काढलं, मुठीत धरून बघितलं, परत सोडलं. बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. मला वाटलं आता हा माणूस मोडला. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं तेव्हा वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झालेला होता.

"माणिकराव, त्यानं पगार घेतलाच नव्हता हो."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"एक मूठसुद्धा नाही. म्हणून तसं झालं. घेतला असता तर फरशी पक्की आली असती." बोटांना चिकटलेलं पीठ ते झाडत होते, निघत नव्हतं. "मी तिला खोटं नव्हतो सांगत. पाय टाक म्हटलं ते... माझा समज होता की घेतलाय त्यानं."

माझ्याकडे उत्तर होतं. अशा वेळी माझ्याकडे नेहमी असतं. मी म्हटलं, "चला, ऊन चढतंय."

त्यानंतर त्यांनी पिठात हात घातला नाही. पत्र्याचा डबा खांबाजवळच आहे, रिकामा. नवीन फरशी आली नाही. नालीवर कुणीतरी जुन्या दाराची फळी टाकलीय, ती मध्ये दबते.

मुलगी नल्लकुंट्याहून न्यायला आली होती. बाबा, इथं कोण आहे तुमचं, म्हणाली. ते म्हणाले, सकाळची वेळ आहे, नंतर बोलू. आणि बाहेर गेले.

सकाळी ते फळीपाशी असतात. शाळेची पोरं, कामाला निघालेल्या बाया, डोक्यावर दळणाचा डबा घेतलेली रज़िया बी. कुणीही आलं की आधी दिगंबरराव स्वतः फळीवर चढतात. मधोमध उभे राहतात, टाचा दाबून बघतात. मग मागं येतात, हात पुढं करतात आणि म्हणतात, "आता टाका पाय." इतके महिने ज्या गल्लीच्या पिठात त्यांचा हात होता, ती गल्ली आता त्यांचा हात धरून नाली ओलांडते. पावसातही असतात. ताप होता तेव्हाही होते. कुणी चहा आणून दिला तर घेत नाहीत, म्हणतात कामावर आहे.

मी गिरणीतून बघतो. आमचा तो जुना वाद आहेच, पगार दिला तरच माणूस इमानानं काम करतो की नाही हा. त्यावर आता माझ्यासमोर, रोज, उघड्या डोळ्यांना दिसेल असं उत्तर त्या फळीवर उभं आहे. दोन शब्दांत सांगता येईल. दिगंबररावांना तोंड उघडायला जागा राहणार नाही.

मी सांगितलेलं नाही. ज्वारी वर ओततो आणि गिरणी चालू करतो.